छत्तीस नंबरची मुकी पट्टी

मित्रांनो, मी एक जुनी, पांढरी आणि मुकी पट्टी आहे. पेटीवर ज्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या असतात ना, त्यांच्याच कुळातली. फक्त मी पेटीवर नाही, एका की-बोर्डवर राहते. आम्ही एकूण एकसष्ट जणी. अगदी डावीकडची पहिली मी. माझ्या उजवीकडे साठ बहिणी आहेत आणि डावीकडे प्लास्टिकची भिंत.

मुकी म्हटल्यावर तुम्हाला वाईट वाटले असेल. वाटून घेऊ नका. आमच्यापैकी कुणाच्याच पोटात आवाज नाही. आमच्या की-बोर्डला भाता नाही, तारा नाहीत, स्पीकरही नाही. मागून एक वायर निघते आणि संगणकात जाते. कुणी आम्हाला दाबले की आम्ही त्या वायरीतून फक्त आकडे पाठवतो: कुठली पट्टी दाबली आणि किती जोरात. मधल्या सप्तकातली पहिली बहीण 'साठ' असे कळवते. ही मोजणी आमच्याकडे नसलेल्या, आणखी खालच्या पट्ट्यांपासून सुरू होते, म्हणून पहिली असूनही मी 'छत्तीस' असे कळवते. आवाज काढायचे काम संगणकाचे.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. वितळलेले प्लास्टिक साच्यात शिरले, गार झाले आणि मी बाहेर पडले. माझ्याखाली एक लहानशी स्प्रिंग आणि रबराची टोपी बसवली. मला पूर्ण दाबले की ते रबर तळाला टेकते, विजेची वाट जुळते आणि आकडा निघतो. अर्धे दाबले तर काहीच निघत नाही. तपासणीसाठी एका यंत्राने मला वीस वेळा दाबून पाहिले. त्या वीस वेळांची आठवण मला पुढे बरीच वर्षे पुरवून वापरावी लागली.

कारण असे, की मला विकत घेणारा विश्वजीत फक्त मधल्या पट्ट्यांवर वाजवायचा. तो पुंडलिकनगरात राहायचा आणि अकरावीत शिकायचा. शाळेत शिकलेली गाणी तो मधल्या दोन सप्तकांत बसवायचा. त्या बहिणींच्या कडा झिजून गुळगुळीत झाल्या. मला मात्र तीन वर्षांत चार वेळा दाबले गेले: दोनदा चुकून, एकदा फडक्याने आणि एकदा मांजराने. मांजराने मात्र मनापासून दाबले.

पुढे विश्वजीत पुण्याला गेला, तिकडेच नोकरीला लागला, आणि आमचा की-बोर्ड कपाटामागे उभा करून ठेवला गेला. आडवा नाही, उभा. डावी बाजू खाली. म्हणजे साठही बहिणींचा भार माझ्या अंगावर. वर त्याच्या आईने, सारजाबाईंनी, जुनी चादर टाकली. चादरीच्या घडीत धूळ साठली, धूळ माझ्या फटीत उतरली, आणि कुठून तरी शेंगदाण्याचे एक टरफल येऊन माझ्या कडेला पाचरीसारखे रुतले. मी अर्धी खाली दबून बसले ती तशीच. सात वर्षे.

मग एका रविवारी विश्वजीतची धाकटी बहीण तनुजा हिने चादर काढली.

"आई, हा कीबोर्ड चालू असेल का गं?"

"कीबोर्ड हाय का त्यो?" सारजाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "मी आपली इस्त्रीची फळी समजत होते. लई धूळ खाल्ली बघ त्यानं."

तनुजा भौतिकशास्त्र शिकलेली आणि हर्सूलच्या एका शाळेत विज्ञान शिकवणारी. तिने आम्हाला नुसते पुसले नाही. शाळेच्या प्रयोगशाळेतून स्पिरिट आणले, कापसाच्या बोळ्याने एकेकीच्या कडा स्वच्छ केल्या, मागचे स्क्रू काढून एका वाटीत ओळीने ठेवले आणि चिमट्याने ते टरफल बाहेर काढले. मी टुणकन वर आले. मित्रांनो, सात वर्षांनी सरळ उभे राहण्याचे सुख काय असते, ते शिक्षा म्हणून अंगठे धरलेल्या मुलालाच विचारा.

तनुजाला आमची गरज का पडली, ते सांगते. तिच्या शाळेतली मुले बालनाट्य स्पर्धेत उतरणार होती. नाटक एका कासवाचे. तळे आटते म्हणून कासव गाव सोडून जाते, दुनिया फिरते आणि पाणी आल्यावर परत येते. संगीताची जबाबदारी तनुजाकडे आली, कारण लहानपणी ती पेटी शिकली होती आणि बाकीच्या शिक्षकांनी वेळेवर मान खाली घातली होती.

तिने लॅपटॉपवर वाद्यवृंदाची एक लायब्ररी बसवली. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे, सुरांची. कुठल्याशा दूरच्या सभागृहात सोळा व्हायोलिनवादकांना एकत्र बसवून त्यांचा एकेक सूर टिपून ठेवलेला. मी तिकडे आकडा पाठवायचा अवकाश, की इकडे खोलीत ते सोळा जण वाजवायला लागतात. म्हणजे मी नाही. माझ्या मधल्या बहिणी. माझा आकडा गेला तर काहीच वाजत नसे. व्हायोलिनचा सर्वांत खालचा सूर पंचावन्न नंबरचा, त्याखाली ते वाद्य उतरतच नाही. मी तर छत्तीस. मनात म्हटले, आता इथेही आपण नुसत्या शोभेच्या.

तेवढ्यात वहाबचाचा आले.

वहाबचाचा शहराच्या छावणी भागात राहतात. तनुजाच्या वर्गातल्या महेजबीनचे ते नाना, म्हणजे आईचे वडील. त्यांनी तीस वर्षे लग्नाच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवले. चार वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला, उजवा हात चांगलाच होता, पण डाव्या हाताची बोटे तार दाबून धरीनात. व्हायोलिन खुंटीला गेले. महेजबीन नाटकात गाणार होती, आणि तिनेच मॅडमना सांगितले होते, की नानांची स्वतःची एक धून आहे, ती शेवटच्या गाण्याला फार छान बसेल.

धून खरोखरच सुंदर होती. पण चाचांच्या मनात ती कधी एका व्हायोलिनची नव्हतीच. "पार्टी में व्हायोलिन एकच था, मेरा," ते तनुजाला म्हणाले. "तीस साल अकेला बजाया. पण कान में हमेशा बहुत सारे बजते थे. एक दफा वैसा सुन लेना है, टीचर. बस."

तनुजा म्हणाली, "चाचा, सोळा आहेत माझ्याकडं." आणि तिने मधल्या पट्ट्यांवर धून वाजवून दाखवली.

चाचांनी डोळे मिटून ऐकले. मग एक डोळा उघडला. "सोला लोगां हैं बोलते तुम?"

"हो."

"तो सोला के सोला सो रे क्या? गज उठता, गिरता, ठैरता. ये तो मिक्सर चल रा!"

"मीबी तेच म्हणत होते," चहा घेऊन आलेल्या सारजाबाई म्हणाल्या. "पण शिकलेल्या पोरीला कोण सांगणार?"

गज म्हणजे व्हायोलिनच्या तारांवर फिरवायची काठी, हे तनुजाला ठाऊक होते; ती रागावली नाही. तिने वही उघडली. "चाचा, गज कसा उठतो, कसा पडतो, ते दाखवा मला."

दुसऱ्या दिवशी चाचा आपले व्हायोलिन घेऊन आले. डाव्या हाताने ते नुसते टेकवून धरले आणि उजव्या हातातल्या गजाने मोकळ्या तारांवर एकेक तऱ्हा दाखवली. लांब गज: एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, जणू कुणी सावकाश रेशीम उलगडते आहे. तुटक गज: तारेला टेकला की उचलला. मग गज मांडीवर ठेवून बोटाने तार छेडली, तेव्हा टपटप असा आवाज आला. आणि शेवटी गजाचे टोक तारेवर थरथरवले. त्यावर सारजाबाई म्हणाल्या, "अगं बाई, भूत यायच्या आधी असंच वाजतं टीव्हीत."

तनुजाने सगळे लिहून घेतले आणि रात्रीच्या जेवणाआधी लायब्ररीची माहितीपुस्तिका पहिल्या पानापासून वाचायला घेतली. नवव्या पानावर तिला माझा पत्ता सापडला.

झाले होते असे. त्या सोळा वादकांचा प्रत्येक सूर एकदाच टिपलेला नव्हता. चारही तऱ्हांनी टिपलेला होता. कुठली तऱ्हा हवी ते संगणकाला सांगायचे कसे? तर ज्या खालच्या पट्ट्या व्हायोलिनला लागतच नाहीत, त्या रिकाम्या पट्ट्यांना ते काम दिले होते. छत्तीस दाबले की लांब गज. सदतीस, म्हणजे माझ्या शेजारची काळी, दाबली की तुटक. अडतीसला छेडलेली तार. एकोणचाळीसला थरथर. संगीताचे लोक आम्हाला की-स्विच म्हणतात. पट्टी दाबून सोडून द्यायची. दुसरी तऱ्हा मागेपर्यंत वादक तीच धरून ठेवतात.

तनुजाने सारजाबाईंच्या पाकिटातल्या टिकल्या घेतल्या आणि आम्हा चौघींना लावल्या. मला लाल. काळीला पिवळी, पुढच्या पांढरीला हिरवी, त्यापुढच्या काळीला चंदेरी. एवढी नटलेली मी जन्मात कधी नव्हते. साठ बहिणी बघत राहिल्या.

आणि मित्रांनो, तेव्हा मला माझे काम समजले. मला दाबले की काहीही ऐकू येत नाही. पण माझ्यानंतर येणारा प्रत्येक सूर बदललेला असतो.

सुरुवातीला गडबडी झाल्याच. तनुजा आमचे आकडे संगणकात नोंदवून ठेवी. पडद्यावर माझा आकडा तळाशी एका बारक्या पट्ट्यासारखा दिसे. एकदा तिने मधूनच धून लावली, तर लांब गजाच्या जागी टपटप सुरू झाले. चाचा म्हणाले, "ये लोगां दो मिनट में भूल गए क्या?" ते विसरले नव्हते. मला सुरुवातीला दाबलेले होते आणि तनुजाने सुरुवात ऐकवलीच नव्हती. तेव्हापासून ती प्रत्येक तुकड्याच्या आरंभी आम्हाला नव्याने दाबायला लागली. मला रोज वीस-पंचवीस वेळा काम मिळू लागले. कारखान्यातले ते यंत्र मी विसरून गेले.

पण मग ठरले, की स्पर्धेत नोंदवलेले संगीत लावायचेच नाही. कारण सत्यम. सत्यम कासव झाला होता, आणि रंगमंच ओलांडायला त्याला कधी दहा पावले लागत, कधी पंचवीस. "कासव हाय मी, मॅडम," तो म्हणायचा. "कासवाला घड्याळ लावता का कुणी?" तेव्हा तनुजाने आम्हाला थेट रंगमंचाच्या कडेला नेऊन, मुलांच्या चालीने, हातानेच वाजवायचे ठरवले.

स्पर्धेच्या दिवशी आम्ही सभागृहाच्या विंगेत पोहोचलो. जागा अरुंद. की-बोर्ड एका टेबलावर, लॅपटॉप मागच्या स्टुलावर. लॅपटॉपचा पडदा दिसत होता, पण वाजवता वाजवता तिथे हात पोहोचणार नव्हता. तनुजाच्या डावीकडे, अगदी माझ्याजवळ, वहाबचाचा खुर्चीवर बसले. त्यांच्या उजव्या हातात गज होता. व्हायोलिन घरीच होते, पण गज हलवून ते तनुजाला इशारे करणार होते. त्यांनी पांढरा कुडता घातला होता आणि अत्तर लावले होते. आज त्यांना सोळा व्हायोलिने ऐकायची होती.

पाचच मिनिटे उरली होती. महेजबीनने हळू आवाजात गाणे गुणगुणून पाहिले.

चाचांची मान तिरकी झाली. "आज बच्ची का आवाज खुला है, माशाअल्ला. सफेद एक में दब रा. काली एक ले लो टीचर."

आता हे तुम्हाला समजावून सांगायला हवे. आपल्याकडे गायक आधी आपली पट्टी सांगतो: पांढरी एक, काळी एक, काळी पाच. म्हणजे त्याचा सा तिथून सुरू होणार. पेटीवाला त्या पट्टीवरून बोटे चालवतो. पण की-बोर्डवर एक सोय असते. वरच्या बाजूला अधिक आणि उणे अशी दोन बटणे असतात. अधिक एकदा दाबले की सगळ्या पट्ट्या एक घर वर सरकतात, आणि वाजवणारा पांढरी एकचीच बोटे ठेवून काळी एकचे सूर काढू शकतो. आपल्या भागातले सगळे की-बोर्डवाले असेच करतात. तनुजाही लहानपणापासून पांढरी एकवरूनच वाजवायला शिकलेली. तिने अधिक दाबले. चाचांनी मान डोलावली. महेजबीन खूश झाली.

आणि तिघांपैकी कुणाच्याही लक्षात आले नाही, की सगळ्या पट्ट्या सरकल्या त्यात आम्ही टिकलीवाल्याही सरकलो.

पडदा उघडला. सत्यम पाठीवर टोपले बांधून चार पायांवर आत आला. कासवाच्या चालीला छेडलेली तार हवी होती. तनुजाने हिरवी टिकली दाबली आणि सूर वाजवला.

थरथर सुरू झाली. सोळा व्हायोलिने एकदम थरथरू लागली. भूत यायच्या आधी वाजते तशी.

सत्यम जागीच थांबला. त्याने मान आत घेतली, मग हळूच बाहेर काढली आणि आभाळाकडे पाहून म्हणाला, "अगं बया! भूकंप व्हतोय का काय? आन् माझ्यानं तर पळताबी येत नाय!"

सारे सभागृह हसले. सत्यमला जोर चढला. तो थरथरीच्या तालावर एकेक पाय थरथरवत पुढे निघाला.

तनुजाने हिरवी पुन्हा दाबली. तरीही थरथरच. तिने मागे वळून लॅपटॉपच्या पडद्याकडे पाहिले: दाबली हिरवी, आणि दिवा लागला होता थरथरीपुढे. माझी तनुजा विज्ञानाची. तिला एवढे पुरले.

"चाचा," ती पुटपुटली, "सगळ्या एक घर सरकल्यात. अडतीस दाबलं की एकोणचाळीस जातंय."

"मेरी गलती," चाचा म्हणाले. "काली एक मैंच बोला."

"बटण मी दाबलं." तिने आता हिरवीऐवजी तिच्या डावीकडची काळी दाबली. टपटप सुरू झाले. कासवाची चाल जमली. तुटक गज लागला तेव्हा तिने मला दाबले. थरथर लागली तेव्हा हिरवी. प्रत्येक वेळी एक घर डावीकडे. दोन प्रवेश असे निभावले.

मला मात्र कळून चुकले होते. लांब गजासाठी छत्तीस हवे. आता छत्तीस पाठवायचे तर माझ्या डावीकडची पट्टी दाबायला हवी. आणि माझ्या डावीकडे, मित्रांनो, भिंत आहे.

तनुजालाही ते कळले. तिसऱ्या प्रवेशात मुलांचे संवाद चालू असताना ती चाचांकडे वळली. "तुमच्या धुनेला लांब गज मिळत नाही. पट्टीच नाही तेवढी."

"तो छेडके बजा दो," चाचा म्हणाले. "बच्चों का नाटक है, बेटा. मेरा क्या."

पण त्यांचा गज मांडीवर गेला होता.

तनुजा बटणांकडे बघत होती. मी तिला ओळखते. प्रयोग फसला की ती पहिल्यापासून एकेक पायरी मोजते. "अधिक-उणे एकदम दाबलं की शून्यावर येतं," ती हळू म्हणाली. "मग छत्तीस दाबायचं. मग परत अधिक. वादक लांब गजावर राहतील आणि सूर काळी एकचे निघतील. पण बटण दाबताना एकही सूर धरलेला नको, नाहीतर तो अडकून वाजतच राहील. म्हणजे मध्ये शांतता हवी. आणि..." तिने आपल्या हातांकडे पाहिले. "डावा हात बटणांवर, उजवा धुनेवर. चाचा, लाल टिकली तुम्ही दाबाल?"

"मैं?"

"मी मान हलवली की."

शेवटचा प्रवेश आला. तळ्यात पाणी आले होते. दोन मुली निळे लुगडे धरून हलवत होत्या. कासव काठावर पोहोचले. महेजबीन पुढे झाली आणि टपटप तारांवर गाऊ लागली:

*तळ्या तळ्या, ऊठ रे,*
*पाहुणा आलाय दारी.*

'दारी'वर तिला चार मात्रा थांबायचे होते आणि लगेच व्हायोलिने यायची होती. तिने सूर धरला. तनुजाने सगळी बोटे उचलली. तारा विझल्या. उरला फक्त त्या पोरीचा आवाज.

अधिक-उणे एकदम. शून्य. तनुजाने मान हलवली.

चाचांच्या उजव्या हातात गज होता, म्हणून पुढे आला तो डावा हात. करंगळीशेजारचे बोट माझ्यावर टेकले. मी खाली गेले. पण अर्धीच. तेवढ्याने रबर तळाला टेकत नाही. आकडा गेला नाही. बोटात जोर नव्हता.

चार मात्रा संपल्या. महेजबीनने विंगेकडे पाहिले, मॅडमची हवेत थांबलेली बोटे पाहिली, आणि सूर सोडला नाही. पाच, सहा. सत्यमला कुणी काही सांगितले नव्हते, पण त्याने कासवाची मान बाहेर काढायला सुरुवात केली, इतकी सावकाश, की अख्खे सभागृह त्या मानेकडे बघत बसले.

"खांदा," तनुजा कुजबुजली. "चाचा, बोटानं नको, खांद्यानं."

ते खुर्चीतून थोडे उठले आणि सगळ्या देहाचे वजन त्या एका बोटावर आणले. मी आयुष्यात इतकी मनापासून कधी खाली गेले नव्हते. टेकले. छत्तीस!

अधिक. आणि तनुजाचा उजवा हात पट्ट्यांवर पडला.

सोळा व्हायोलिने उलगडली. लांब, भरलेली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. महेजबीनचा सूर त्यांच्यात अलगद मिसळला आणि तिने हुश्श करून श्वास घेतला. चाचांचे बोट अजून माझ्यावरच होते; ते उचलायचे त्यांना सुचले नव्हते, आणि मी मुकी असल्यामुळे अडकून वाजायचे काही नव्हते. उजव्या हातातला गज हवेत आपोआप चालू लागला होता: वर, खाली, थांब. आणि तनुजा आता त्या गजाकडे बघून वाजवत होती.

पडदा पडला तेव्हा टाळ्या बराच वेळ चालल्या. महेजबीन धावत विंगेत आली. "नाना, मेरा दम निकल गया! और कित्ता खींचती मैं?"

चाचांनी तिला जवळ ओढले. त्यांचे डोळे ओले होते आणि ते हसत होते. "टीचर, सोला थे ना?"

"सोळा, चाचा."

"नै. सतरा." त्यांनी गज दाखवला. "मैं भी था."

आमच्या नाटकाला दुसरे बक्षीस मिळाले. परीक्षकांनी आपल्या शेऱ्यात लिहिले, की कासवाच्या चालीला थरथरते संगीत देण्याची कल्पना फार नवी वाटली. तनुजा प्रामाणिक, तिने तिथेच जाऊन सांगितले, की ती कल्पना नव्हती, चूक होती. परीक्षक हसून म्हणाले, "मग ती सुधारू नका." सत्यम गेल्या महिन्याभरात चार जणांना सांगून चुकला आहे, की ती कल्पना त्याचीच होती.

आता दर रविवारी सकाळी वहाबचाचा पुंडलिकनगरला येतात. सारजाबाई त्यांना आल्याचा चहा देतात आणि "आज मिक्सर लावणार का व्हायोलिन?" असे विचारतात. चाचा माझ्या बाजूला बसतात. धून तनुजा वाजवते; कुठे गज लांब, कुठे तुटक, कुठे छेड, ते चाचा ठरवतात, डाव्या हाताने. अजूनही कधी कधी मी अर्धीच खाली जाते. मग ते खांदा लावतात. डॉक्टर म्हणाले, व्यायाम चांगला आहे. माझे म्हणाल तर माझ्या कडेला आता थोडी झीज दिसू लागली आहे, आणि तिचा मला फार अभिमान वाटतो.

मित्रांनो, वाद्य कुठलेही असो, त्याला उभे करून कपाटामागे कोंबू नका. आडवे ठेवा, वर स्वच्छ फडके घाला, त्याच्या अंगावर चहाचा कप ठेवू नका. आठवड्यातून एकदा सगळ्या पट्ट्या दाबून पाहा; अगदी टोकाच्यासुद्धा. आणि त्यातल्या एखादीतून आवाज आला नाही, तर ती बिघडली असे लगेच ठरवू नका. क्षणभर थांबा. पुढचा सूर वाजवा. आणि मग ऐका.